कामाचे स्वरूप

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. वॉशिंग्टनला तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो, ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर बाकावर बसून बोलत होती, मागून गाड्यांचा आवाज येत होता. म्हणाली, मावशी, हे आईशी नाही बोलायचं, तुझ्याशीच बोलायचंय, आई लगेच हो म्हणेल.

पोरगी तिकडेच जन्मली, तिकडेच शिकली, पण मराठी आमच्या ताईने घरात सुटू दिलं नाही. चार वर्षं झाली ती एका काँग्रेसमनच्या, म्हणजे काँग्रेस या तिथल्या संसदेतल्या खासदाराच्या, ऑफिसात काम करते. आधी इंटर्न, मग मतदारांचे फोन घेणं आणि पत्रांना उत्तरं लिहिणं, आणि आता लेजिस्लेटिव्ह असिस्टंट, म्हणजे आरोग्याचे सगळे विषय ती वाचते, साहेबाला समजावून सांगते, कुठल्या बिलावर काय भूमिका घ्यायची त्याचा कागद तयार करून देते. पगार जेमतेम, घरभाडं भरलं की हातात फारसं काही राहत नाही. आणि आता के स्ट्रीटवरच्या एका लॉबिंग फर्मने, म्हणजे पैसे घेऊन गिऱ्हाइकांची बाजू सरकारपुढे मांडणाऱ्या कंपनीने, तिला बोलावलंय, दुपटीहून जास्त पगारावर. तिचा प्रश्न एवढाच होता, "मावशी, ते मला घेतायत का माझ्या फोनमधले नंबर घेतायत?"

त्या रात्री मी तिला उत्तर दिलं नाही, विचार करून सांगते म्हटलं. कारण हा प्रश्न मला गेली पंचवीस वर्षं ओळखीचा आहे, फक्त इतक्या सरळ शब्दांत कुणी विचारला नव्हता.

मी लघुउद्योजकांच्या एका संघटनेत लायझनिंगचं काम करते. डोंबिवलीहून फास्ट लोकल, सीएसएमटी, तिथून मंत्रालय. कार्डावर आधी लायझन ऑफिसर लिहिलेलं असायचं, मग कॉर्पोरेट अफेअर्स झालं, आता नवीन कार्डावर पब्लिक पॉलिसी आहे, काम तेच. सरकारचा एखादा निर्णय आमच्या सभासदांना अडचणीचा असेल तर तो का अडचणीचा आहे हे सरकारला समजावून सांगायचं, आणि सरकार का ऐकत नाहीये हे सभासदांना समजावून सांगायचं. दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त वेळ खातं. सुरुवातीला सोसायटीतल्या एका काकूंनी विचारलं होतं, म्हणजे पाकिटं पोचवायचं काम का गं? मला फार लागलं होतं ते. पण त्यांची चूक नव्हती, आपल्याकडे या कामाला दुसरा चेहराच लोकांनी पाहिलेला नाही.

खरं तर लॉबी हा शब्द महाराष्ट्रात घराघरात माहितीये, साखर लॉबी म्हटलं की शाळेतल्या पोरालाही कळतं. पण गंमत अशी की साखर लॉबीला लॉबिस्ट कधी लागला नाही. कारखान्याचा चेअरमनच आमदार, तोच मंत्री, त्यांचेच लोक जिल्हा बँकेत. मागणी करणारा आणि मंजूर करणारा एकाच पंगतीला. अमेरिकेत जे काम पैसे देऊन माणूस ठेवून करतात ते आपल्याकडे निवडून येऊन केलं गेलं. म्हणून आपल्याकडे लॉबिस्ट नावाचा धंदा उघडपणे उभा राहिला नाही असं मला वाटतं. मधली जागा भरली ती रिटायर झालेल्या अधिकाऱ्यांनी, मंत्र्यांच्या पीए आणि ओएसडींनी (विशेष कार्य अधिकारी), मंत्रालय कव्हर करणाऱ्या काही पत्रकारांनी. आणि दिल्लीत मोठ्या उद्योगघराण्यांच्या ऑफिसांनी, जी लायसन्स राजच्या काळात उभी राहिली. जुलै १९९१ मध्ये औद्योगिक परवाना पद्धत बहुतेक उद्योगांसाठी गेली, पण ती ऑफिसं गेली नाहीत, परवान्याच्या जागी कस्टम ड्युटी आली, नियामक आयोग आले, काम वाढलंच.

मला हे काम ज्यांनी शिकवलं त्यांना मी कायम साहेबच म्हणत आले. मंत्रालयात लिपिक म्हणून लागले, सहायक झाले, कक्ष अधिकारी झाले आणि अवर सचिव म्हणून रिटायर झाले. पस्तीस वर्षं एकाच इमारतीत. रिटायर झाल्यावर आमच्या संघटनेने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं, आठवड्यातून तीन दिवस, मानधन अगदी बेताचं. आमच्या त्या वेळच्या अध्यक्षांचा हिशोब सरळ होता, साहेबांच्या सगळीकडे ओळखी आहेत, फोन केला की काम होईल.

पहिली दोन-तीन वर्षं तसंच झालं पण. साहेब चालत आले की शिपाई उठून उभा राहायचा, अवर सचिव खुर्ची सरकवायचे, चहा यायचा. मी मागे फाईल घेऊन बसायचे आणि मनात म्हणायचे की हाच तो सरकारी अनुभव, यालाच पैसे द्यायचे असतात. मग हळूहळू त्यांच्या बरोबरचे रिटायर होत गेले. हाताखालचे बदलून दुसऱ्या खात्यात गेले. एका पावसाळ्यात आम्ही दोघं गार्डन गेटला पासच्या लाईनीत उभे होतो, दुपारी दोननंतर सामान्य लोकांना आत सोडतात ती लाईन, पुढे साठसत्तर माणसं, आणि खिडकीतल्या पोराने साहेबांना विचारलं, आजोबा, कोणाकडे जायचंय? साहेबांनी खात्याचं नाव सांगितलं, मजला सांगितला, कार्यासन क्रमांक, म्हणजे खात्यातल्या नेमक्या टेबलाचा नंबर, सांगितला. पोराने मान वर करून बघितलं. कार्यासन क्रमांक सांगणारा माणूस त्या खिडकीवर बहुतेक रोज येत नसावा. आत जाताना साहेब मला म्हणाले, "बघितलंत ना मॅडम, चेहरा संपला, नंबर चालला."

मी तेव्हा हसले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतला एक अभ्यास वाचनात आला आणि साहेबांचं ते वाक्य तिथे आकड्यात दिसलं. २०१२ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये तिघा अर्थतज्ञांनी हे मोजून दाखवलं होतं. सेनेटरच्या, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाच्या सदस्याच्या, ऑफिसात काम करून मग लॉबिस्ट झालेली माणसं घेतली, आणि तो सेनेटर पद सोडून गेला की त्या माणसांच्या कमाईचं काय होतं ते बघितलं. सरासरी २४ टक्के पडते, आणि लगेच पडते. माणूस तोच, त्याचं ज्ञान तेच, अनुभव तेवढाच, फक्त ज्याच्या दारात त्याची ओळख होती तो आता तिथे नाही. म्हणजे गिऱ्हाईक जे पैसे देत होतं त्यातला साधारण चौथा हिस्सा एका माणसाच्या ओळखीचा होता. नंतर २०१४ मध्ये आणखी एक अभ्यास आला, त्यात दिसलं की खासदाराची समिती बदलली की त्याच्याशी जोडलेले लॉबिस्टसुद्धा विषय बदलतात, काल संरक्षण, आज आरोग्य, माणसामागोमाग.

मी हे भाचीला पाठवलं. तिचा रिप्लाय आला, "म्हणजे २४% मी नंबर आहे." मी लिहिलं, उरलेल्या ७६ चं काय ते पण बघ. कारण त्या लाईनीतल्या दिवसानंतरच साहेबांचं माझ्या लेखी खरं मोल सुरू झालं, आणि ते एका नस्तीमुळे, म्हणजे सरकारी फाईलमुळे.

२००७ ची गोष्ट. आमच्या काही सभासदांचं अनुदान एका खात्यात अडकलेलं होतं, दीड वर्ष. सगळे सांगत होते की वित्त विभागाने नकार दिला, विषय संपला. अध्यक्षांनी दोनदा मंत्र्यांना निवेदन दिलं, दोन्ही वेळा त्यावर शेरा मिळाला, "तपासून सादर करावे". ज्यांनी कधी मंत्र्यांना निवेदन दिलंय त्यांना हा शेरा माहिती असेल, हातात घेतल्यावर आपण जिंकलो असं वाटतं, फोटो काढून ग्रुपवर टाकतो. साहेबांनी मला समजावलं की या शेऱ्याचा अर्थ हो पण नाही आणि नाही पण नाही, हा कागद खाली चालला एवढाच याचा अर्थ. मग त्यांनी माहितीच्या अधिकारात त्या नस्तीच्या टिपणीच्या, म्हणजे फाईलवर प्रत्येकाने लिहिलेल्या नोंदींच्या, प्रती मागवायला लावल्या.

अकरा पानं आली. आमच्या ऑफिसातल्या टेबलावर साहेबांनी ती ओळीने मांडली, चष्मा कपाळावर चढवला आणि शेवटच्या पानापासून उलटं वाचायला सुरुवात केली. मी विचारलं, शेवटून का? म्हणाले, पहिलं पान आपण दिलेल्या निवेदनाचा सारांश असतो, ते आपल्याला माहितीच आहे, अडलंय कुठे ते शेवटी असतं. आठव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. वित्त विभागाने नकार दिलाच नव्हता. त्यांनी तीन प्रश्न विचारले होते, एकूण आर्थिक भार किती, कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे बजेटच्या कुठल्या सदरात, खर्च टाकायचा, आणि चालू वर्षात तरतूद आहे का. नस्ती त्या प्रश्नांसकट मूळ खात्यात परत आली, ज्या सहायकाकडे ते उत्तर तयार करायचं काम होतं त्याची बदली झाली, नवीन आलेल्याला वाटलं वित्तने परत केली म्हणजे नाकारली. पुढची तीन पानं प्रत्येकाने आधीच्यावर विश्वास ठेवून लिहिलेली. कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी पैसे मागितले नव्हते. तीन प्रश्नांची उत्तरं लिहायला कुणी बसलंच नव्हतं, एवढंच.

साहेब म्हणाले, मंत्र्यांकडे परत जायचं नाही. त्या सहायकाकडे जायचं, आणि हात हलवत जायचं नाही, उत्तरं घेऊन जायचं. मी चार दिवस बसून जिल्हावार तक्ता केला, किती युनिट, किती रक्कम, कुठल्या वर्षाची. लेखाशीर्ष साहेबांना तोंडपाठ होतं. आणि मग त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं, सप्टेंबर संपत आलेला. म्हणाले, घाई करा, नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर लागणाऱ्या जादा पैशांच्या मागण्या, जातील, त्यात बसलं तर बसलं, मार्चमध्ये सगळे पैसे मागायला येतात आणि मार्चमध्ये कुणाकडेच नसतात. त्या सहायकाचा चेहरा मला अजून आठवतो, त्याला वाटलं होतं आम्ही भांडायला आलोय, आणि आम्ही त्याच्या समोर त्याचंच काम करून ठेवलं. बदल्यांच्या आणि विलंबाच्या २००५ च्या कायद्यात कलम १० आहे, साधारणपणे कुठलीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं त्यात लिहिलंय. साहेबांना ते कलम पाठ होतं आणि त्यांनी ते त्या माणसापुढे एकदाही काढलं नाही. बाहेर आल्यावर मी का म्हणून विचारलं तर म्हणाले, अगं, त्याच्या टेबलावर चाळीस नस्त्या आहेत, कलम दाखवलं तर आपली चाळिसावी होईल. मॅडमची अगं मी त्या दिवशी झाले.

डिसेंबरमध्ये तरतूद झाली.

यात ओळख कुठे होती सांगा. तो सहायक साहेबांना ओळखत नव्हता. पण टिपणी उलटी वाचायची, परत येणं आणि नाकारणं यातला फरक, खालून वर जाणारी वाट, पैशाचा मोसम, आणि समोरच्या टेबलामागे बसलेल्या माणसाचा दिवस कसा जातो याची जाणीव, हे सगळं पस्तीस वर्षं त्या खुर्चीत बसल्याशिवाय येत नाही. सरकारी अनुभवाची किंमत मला विचाराल तर ती ही आहे. आणि ही शिळी होत नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, चौथ्या मजल्यावरून वर गेली, पाच माणसं गेली आणि नस्त्यांचे ढीगच्या ढीग जळाले. नंतर कितीतरी दिवस खाती जिथून मिळतील तिथून जुन्या कागदांच्या प्रती गोळा करत होती. साहेब तेव्हा सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखायचे, पण त्यांनी आमच्या ऑफिसातली कपाटं उघडून आवकजावक क्रमांक बघून बघून संच लावले आणि मला टॅक्सीने पाठवलं. सरकारचेच कागद आम्ही सरकारला परत नेऊन देत होतो. त्या दिवसांत मला या कामाबद्दल जेवढं बरं वाटलं तेवढं कधीच वाटलं नाही.

आता दुसरी बाजू. ही लिहिल्याशिवाय भाचीला सल्ला देणं म्हणजे तिला फसवणं आहे.

अमेरिकेत हा रस्ता किती मळलेला आहे ते बघा. १९७५ मध्ये केनेथ श्लॉसबर्ग आणि जेराल्ड कॅसिडी या दोघांनी एक फर्म काढली, दोघंही सेनेटच्या पोषणाच्या समितीवर, जॉर्ज मॅकगव्हर्न अध्यक्ष असताना, स्टाफमध्ये होते. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत टफ्ट्स विद्यापीठ होतं, त्यांना पोषणाचं संशोधन केंद्र हवं होतं. कुठल्या बजेटच्या कुठल्या ओळीत ते बसेल हे या दोघांना माहिती होतं, समितीत बसून शिकलेले. केंद्र उभं राहिलं. मग दुसरी विद्यापीठं आली, मग कंपन्या आल्या आणि तीच फर्म वॉशिंग्टनमधल्या सगळ्यात मोठ्या फर्मपैकी एक झाली. सुरुवात वाचली तर वाटतं यात वाईट काय, विद्यापीठाला प्रयोगशाळाच मिळाली ना. पण त्याच वाटेने पुढे बिली टॉझिन पण गेले. ते हाऊसच्या, म्हणजे तिथल्या खालच्या सभागृहाच्या, एनर्जी अँड कॉमर्स समितीचे अध्यक्ष, २००३ चा मेडिकेअरचा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, औषधांचा कायदा पास करण्यात त्यांचा मोठा हात, ज्या कायद्यात सरकारने औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करायची नाही असं कलम होतं. २००५ च्या जानेवारीत ते औषध कंपन्यांच्याच संघटनेचे, फार्माचे, प्रमुख झाले, पगार वर्षाला सुमारे २० लाख डॉलर असल्याचं तेव्हा सगळीकडे छापून आलं. कायदा मोडला का? नाही. पण जी म्हातारी माणसं पूर्ण किमतीत गोळ्या घेत होती त्यांनी यातून काय समजायचं?

आणि याला आणखी एक कारण आहे ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं. १९९४ च्या निवडणुकीत हाऊस जिंकल्यावर रिपब्लिकन पक्षाने १९९५ मध्ये समित्यांचा स्टाफ सुमारे एक तृतीयांश कापला आणि तंत्रज्ञानावर सल्ला देणारं काँग्रेसचं स्वतःचं ऑफिसही बंद केलं. खर्च वाचवला म्हणाले. आता ज्या खासदाराकडे औषधांच्या पेटंटवर नीट सांगणारी एकच सत्तावीस वर्षांची मुलगी आहे, आणि तिला पण कमी पगारात ठेवलीय, तो माहिती कुणाकडून घेणार? दारात उभा असलेल्या माणसाकडून. आणि तो माणूस म्हणजे पाच वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत बसलेली मुलगी. सरकारने आपल्या घरातलं शहाणपण स्वस्तात सोडलं, बाहेरच्यांनी ते महागात घेतलं, आणि ते परत सरकारच्याच दारात उभं राहिलं. माझी भाची त्याच रांगेतली पुढची. इकडे पण मला हेच दिसतं, खात्यांमधली पदं रिकामी, एका कक्ष अधिकाऱ्याकडे दोन-दोन कार्यासनांचा भार, आणि धोरणाचा मसुदा करायला बाहेरची कन्सल्टन्सी.

आपला देश पण या बाजारात गेलाय. भारत-अमेरिका अणुकराराच्या वेळी वॉशिंग्टनमध्ये भारताची बाजू मांडायला आपल्या दूतावासाने बार्बर ग्रिफिथ अँड रॉजर्स ही फर्म ठेवली होती आणि त्या फर्ममध्ये रॉबर्ट ब्लॅकविल होते, जे २००१ ते २००३ दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसची मंजुरी मिळाली. तेव्हा आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण २०१२ च्या डिसेंबरमध्ये वॉलमार्टने भारतातल्या गुंतवणुकीच्या विषयावर अमेरिकेत लॉबिंगला खर्च केल्याचं बाहेर आलं तेव्हा आपल्या संसदेत गदारोळ झाला, चौकशी नेमली गेली. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आपल्याला ते कळलंच कसं? कारण वॉलमार्टने ते तिकडच्या सेनेटकडे स्वतः लिहून दिलं होतं. १९९५ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे लॉबिस्टला नाव नोंदवावं लागतं, दर तीन महिन्यांनी सांगावं लागतं की कुणासाठी, कुठल्या विषयावर, किती पैसे. २००७ च्या दुरुस्तीनंतर फॉर्ममध्ये असंही लिहावं लागतं की गेल्या २० वर्षांत तुम्ही सरकारात किंवा काँग्रेसमध्ये कुठल्या पदावर होतात. सेनेटरला दोन वर्षं, हाऊसच्या सदस्याला एक वर्ष लॉबिंग करता येत नाही. मोठ्या पगाराच्या स्टाफला पण एक वर्षाची बंदी आहे, सदस्याच्या १,७४,००० डॉलर पगाराच्या ७५ टक्क्यांच्या वर असेल तर. माझ्या भाचीचा पगार त्या रेषेच्या खूप खाली, ती शुक्रवारी सोडून सोमवारी त्याच ऑफिसात लॉबिस्ट म्हणून जाऊ शकते.

आपल्याकडे यातलं काय आहे? लॉबिंगचा कायदाच नाही. २०१३ मध्ये ओडिशाच्या एका खासदाराने लॉबिंग उघड करण्याचं खाजगी विधेयक आणलं होतं, ते पुढे गेलं नाही. केंद्रातल्या गट अ अधिकाऱ्याला रिटायर झाल्यावर एक वर्षाच्या आत खाजगी नोकरी धरायची तर परवानगी लागते, पूर्वी हाच काळ दोन वर्षांचा होता. मंत्र्यांना, आमदार-खासदारांना तेवढंही नाही. मोठ्या कंपन्यांसाठी लॉबिंग करणाऱ्या नीरा राडिया यांचे टेप २०१० च्या शेवटी बाहेर आले तेव्हा लोकांनी पहिल्यांदा ऐकलं की ही संभाषणं कशी होतात, निवृत्त झालेले मोठे अधिकारी त्यांच्या एका कंपनीत आहेत हेही तेव्हाच लोकांना कळलं. २०२२ मध्ये सीबीआयने सुप्रीम कोर्टात सांगितलं की त्या संभाषणांत गुन्हा आढळला नाही. नसेल. माझं म्हणणं गुन्ह्याचं नाहीच. फोन टॅप झाले म्हणून आपल्याला कळलं, कुणाला नियमाने सांगावं लागलं म्हणून नाही, हे मला खुपतं.

आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच आहे. साहेबांना जे येत होतं ते त्यांना लोकांच्या पैशाने शिकायला मिळालं होतं, पस्तीस वर्षांचा पगार जनतेने दिला. आणि ते ज्ञान आमच्या संघटनेला मिळालं कारण आमच्याकडे मानधन द्यायला पैसे होते, थोडे का होईना. ज्यांच्याकडे नाहीत त्यांचं काय? धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील, वयाची ऐंशी ओलांडलेले शेतकरी, सौर प्रकल्पाला गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी कार्यालयांच्या पायऱ्या चढत राहिले, २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात त्यांनी विष घेतलं आणि सहा दिवसांनी जे.जे. मध्ये ते गेले. नंतर मंत्रालयात मधल्या चौकात जाळी बसवली, वरून कुणी उडी मारू नये म्हणून. ती जाळी मी आठवड्यातून दोनदा बघते. प्रत्येक वेळी मनात येतं की त्यांच्या नस्तीची टिपणी शेवटच्या पानापासून उलटी वाचणारा कुणी त्यांना भेटला असता का. मोबदला मिळाला असता की नाही मला सांगता येणार नाही, पण नेमकं कुठे अडलंय ते तरी त्यांच्या कानावर गेलं असतं.

साहेब गेले त्याला आता तीन वर्षं झाली. शेवटची काही वर्षं ते पासच्या लाईनीत माझ्याबरोबर यायचे तेव्हा पुढेमागे उभ्या असलेल्या माणसांचे अर्ज बघायचे. कुणी अंबरनाथचा वर्कशॉपवाला, कुणी जव्हारची आश्रमशाळेतली बाई. अर्ज सगळे सारखेच, वरच्या दीड पानात आपली परिस्थिती आणि शेवटी नम्र विनंती. साहेब विचारायचे, शासन निर्णय कुठला आहे तुमचा, तारीख काय? आणि तिथेच पिशवीवर कागद ठेवून पहिल्या ओळीत लिहायला लावायचे, शासन निर्णय क्रमांक अमुक, दिनांक अमुक, त्यातील परिच्छेद अमुक नुसार. मग मागणी एका वाक्यात. परिस्थिती खाली. म्हणायचे, टपालात बसलेला माणूस पहिल्या तीन ओळी वाचून ठरवतो कागद कुठल्या टेबलाला जाणार. हे मी त्यांच्याकडून उचलले, अजून करते, लाईनीत निदान दोन अर्ज तरी दुरुस्त होतात.

आता या क्षेत्रात येणारी मुलं वेगळ्या वाटेने येतात. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप २०१० पासून आहे, जवळपास वर्षभर खासदाराबरोबर काम. आपल्याकडे मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला सुरू झाली. तिथून कन्सल्टन्सी, तिथून एखाद्या ॲप कंपनीची पब्लिक पॉलिसी टीम. हुशार मुलं आहेत, इंग्रजी पीपीटी सुरेख करतात, आणि एका वर्षात वरच्या मजल्यावरची सगळी माणसं बघून येतात. सहायकाच्या टेबलापाशी मात्र कुणी बसलेलं नसतं. मी भेटेल त्याला सांगते, सहा महिने तिथे काढा.

तर भाचीला मी काय सांगितलं. मी म्हटलं, एक कागद घे आणि लिही, तुझा काँग्रेसमन नोव्हेंबरमध्ये हरला तर तुझ्याकडे काय राहतं. दोन दिवसांनी तिने फोटो पाठवला, इंग्रजीत, अकरा मुद्दे. एक मुद्दा वाचून मला एकदम साहेबच आठवले. तिने लिहिलं होतं की बिल कित्येकदा विरोधामुळे मरत नाही, काँग्रेसच्या बजेट ऑफिसने खर्चाचा आकडा काढला की तिथे मरतं, आणि तो आकडा कुठल्या गृहीतकावर निघतो हे बिल लिहिणाऱ्यांनी बघितलेलंच नसतं, ती ते बघते. म्हणजे तिकडचा वित्त विभागच की. मी तिला लिहिलं, हे तुझं आहे, हे कुणाच्या हरण्याने जात नाही. नोकरी घे का नको ते मी सांगणार नाही, पण कोणासाठी वापरणार ते आधी विचार त्यांना, गिऱ्हाइकांची यादी बघ आणि मग सही कर.

तिने यादी मागितली. त्यात एक औषध कंपनी होती आणि ग्रामीण हॉस्पिटलांची एक संघटना होती. तिने सांगितलं मी दुसरीचं काम करेन, पहिलीचं नाही, आणि ते मान्य करून घेतलं. किती दिवस मान्य राहील ते मला माहीत नाही, तिलाही नाही. परवा तिने नोंदणीच्या फॉर्मचा स्क्रीनशॉट पाठवला. तिचं नाव, आणि नावापुढे तिचं आधीचं पद, कुठल्या काँग्रेसमनच्या ऑफिसात, सगळं छापील. कोणीही उघडून बघावं. मी तो बराच वेळ बघत बसले, कारण साहेबांचं नाव अशा कुठल्या कागदावर कधीच लागलं नाही, आणि माझंही नाही.

काल मंगळवारी एका विभागात मीटिंग होती. बाहेर भेट देणाऱ्यांचं रजिस्टर असतं, नाव, मोबाईल नंबर, कोणाकडे, आणि शेवटचा रकाना, कामाचे स्वरूप. पंचवीस वर्षं मी तिथे "कार्यालयीन" लिहीत आले, सगळेच लिहितात, साहेबांनी पण तेच शिकवलं होतं. काल मी संघटनेचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, व्याज अनुदानाच्या अटी बदलण्यासाठी सभासदांची बाजू मांडणे. रकाना लहान पडला, खालच्या ओळीत गेलं. शिपाई म्हणाला, मॅडम, दुसऱ्याची ओळ खाल्लीत. मी त्याच्याकडून पट्टी मागून घेतली आणि खाली नवीन ओळ आखून दिली.